रिंग, पिंजरा आणि अण्णाचा उजवा कान

टायरच्या दुकानामागं एक ढीग असतोच. फाटलेल्या ट्यूबा, चिरलेले फ्लॅप, गंजलेल्या रिंगा. तो कुणी मुद्दाम रचत नाही आणि उचलतही कुणी नाही. किश्श्यांचंही तसंच असतं. निपाणीच्या अलीकडं हायवेला लागून आमचं दुकान आहे, तिथं अकरा वर्षांत असे किस्से साठलेत की चहाला आलेला माणूस म्हणतो, "सुभाषराव, तुम्ही लई भारी सांगता!" आणि पोट धरून हसतो. हसा बापडे. मला मात्र यातल्या एकाही किश्श्याच्या वेळी हसू आलेलं नाही. प्रत्येक वेळी माझं डोकं फिरलेलं होतं. आत्ता सांगतानाही फिरणार आहे, तेव्हा मध्येच आवाज चढला तर सांभाळून घ्या.

आधी रिंग म्हणजे काय ते सांगतो. आताच्या नव्या ट्रकांना ट्यूबलेस टायर असतात, त्यांचं सोडा. जुने ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, क्रेन यांचं चाक अखंड नसतं. टायर डिस्कवर चढवायचा आणि तो सुटू नये म्हणून कडेनं एक लोखंडी रिंग खाचेत बसवायची. आत शंभर पौंडांची हवा, आणि तिला धरून ठेवायला एवढी एक रिंग. खाचेत नीट बसली तर चाक देशभर फिरून येतं. नाही बसली, तर हवा भरता भरता सुटते. सुटते म्हणजे खाली पडत नाही, उडते! समोर पत्रा असेल तर पत्रा नेते, माणूस असेल तर माणूस. म्हणून हवा भरताना चाक जाड पाइपांच्या पिंजऱ्यात ठेवायचं आणि आपण लांब उभं राहायचं. एवढंच. इतकं सोपं आहे हे. आणि ते माझ्या सख्ख्या भावाच्या डोक्यात अकरा वर्षं शिरलं नाही!

*

मी हे काम बेळगावला कॅम्पात शिकलो, लष्कराच्या एका वर्कशॉपमध्ये. कंग्राळीहून सायकल मारत जायचो. तिथं टायरच्या कामावर एक सुभेदारसाहेब होते. मिशी पांढरी, आवाज काळा. त्यांचा पहिला आणि शेवटचा नियम एकच, पिंजऱ्याशिवाय हवा नाही.

एकदा एका नव्या फिटरनं तोंड उघडलं. "साहब, हमारे गाव में पिंजरे के बिना भी होता है."

आम्हाला वाटलं, आता याची चामडी निघणार. पण सुभेदारसाहेब शांत. त्यांनी मैदानाच्या मधोमध एक चाक आडवं ठेवायला लावलं. रिंग मुद्दाम अर्धवट बसवली, वर एक पत्र्याची बादली पालथी घातली. लांब पाइप भिंतीमागं नेला आणि हवा सोडली.

ठाण्णकन आवाज झाला आणि बादली दिसेनाशीच झाली! आम्ही सगळे भिंतीआडून मान वर करून बघतोय. बादली खाली यायचं नावच घेईना. आली तेव्हा तिची बादली राहिली नव्हती, जेवायची थाळी झाली होती. साहेबांनी ती उचलली, रुमालानं पुसली आणि फिटरच्या हातात दिली.

"लो बेटा. कल से इसी में खाना खाना."

तो फिटर मीच. ती थाळी अजून माझ्याकडं आहे. दुकानात अगदी समोर टांगली होती, येणाऱ्या प्रत्येकाला दिसावी म्हणून. सध्या वहिनी तिच्यात कोंबड्यांना दाणे टाकतात.

*

आता त्या भावाबद्दल, अण्णाबद्दल. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. तो कुठल्या वर्कशॉपात शिकला नाही, रस्त्यावर ड्रायव्हर लोकांकडं बघत शिकला. हाताला त्याच्यासारखी सफाई बेळगावपासून कोल्हापूरपर्यंत कुणाला नसेल, हे मी शत्रूसमोरही कबूल करीन. पण त्याची रीत बघितली की माझं रक्त तापतं.

तो चाक जमिनीवर आडवं टाकतो. थोडी हवा भरतो आणि हातोड्यानं रिंगेवर गोल गोल ठोके देत फिरतो. टण, टण, टण. मग थांबतो, वाकतो आणि चक्क रिंगेला कान लावतो! वैद्यानं रोग्याच्या छातीला लावावा तसा.

"काय करालास रं अण्णा?" मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओरडलो होतो.

"गप रं. रिंग बोलती. बसली की 'टक्' म्हणती."

"आणि न्हाय बसली तर?"

"न्हाय बसली तरी बोलती. ऐकाय यायला पायजे."

बरं, त्याला अनुभव नाही असंही नाही. हे दुकान घालायच्या आधी तो दुसऱ्याकडं कामाला होता. तिथं एक रिंग त्याच्या डोक्यावरनं गेली. छपराचा पत्रा घेऊन पलीकडच्या शेतात पडली. अण्णाला खरचटलंही नाही, पण त्या आवाजानं डावा कान कायमचा गेला. तोवर तो रिंगेला डावा कान लावायचा.

माणसानं यातून काय शिकावं? तुम्ही असता तर काय शिकला असता? अण्णानं कान बदलला. तेव्हापासून तो उजवा लावतो!

*

अण्णाच्या त्या डाव्या कानाचा घरात एका माणसाला उपयोग झाला. आमच्या वहिनींना.

दुकानामागंच आमचं घर. वहिनी बोलायला कमी, निदान मला तसं वाटायचं. एकदा बघतो तर अण्णा जेवायला बसलाय आणि वहिनी त्याच्या डाव्या बाजूला उभ्या राहून बोलतायत. काय काय बोलतायत! माहेरच्या लग्नाला नेलं नाही, त्यापासून सुरुवात. अंगणात ऑइल सांडलं, सांगितलेलं सामान आणलं नाही, घोरता किती. अण्णा मन लावून भाकरी खातोय.

मला राहवलं नाही. "वैनी, त्या बाजूनं त्याला ऐकू येत न्हाय."

"म्हाईत हाय की भाऊजी," त्या म्हणाल्या. "म्हणून तर हिकडनं बोलतो. माझं मन मोकळं हुतंय आणि घरात भांडान बी हुईत न्हाय."

*

दुकान घालून वर्ष झालं आणि मी हट्टानं पिंजरा करून आणला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका ओळखीच्या वेल्डरकडं बसून करून घेतला. जाड पाइप, दुहेरी वेल्डिंग, समोर दार. टेम्पोत घालून आणला तेव्हा मला घरात फ्रीज आणल्यासारखा आनंद झाला होता.

अण्णानं त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"हे काय?"

"पिंजरा. चाक आत ठेवून हवा भरायची."

"आणि मी रिंग ठोकायची कशी? कान कुठनं लावायचा?"

"लावायचाच न्हाय!"

"मग कळायचं कसं बसली का न्हाय ते?" असं म्हणून तो चाकाकडं निघून गेला. जाता जाता म्हणाला, "पोपट आण एक. एवढा मोठा पिंजरा रिकामा बरा दिसत न्हाय."

तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. खंडेनवमी आली. दुकानातल्या सगळ्या हत्यारांची पूजा. अण्णा पहाटे उठला, अंघोळ करून आला. कंप्रेसर पुसला, टायर उचकटायच्या टॉमी पुसल्या, हातोड्याला हळद-कुंकू लावलं. आणि पिंजऱ्याला झेंडूची ही एवढी माळ! वर आंब्याचा डहाळा, समोर नारळ फोडला. हात जोडून डोळे मिटून उभा राहिला. मी म्हटलं, चला, देवानं याला बुद्धी दिली.

एवढ्यात एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर घाईत होता. अण्णानं मिटलेले डोळे उघडले, चाक काढलं आणि पिंजऱ्यापासून तीन हातांवर जमिनीवर टाकून हवा भरायला लागला. वाकून कान लावला तेव्हा पिंजऱ्याची माळ त्याच्या पाठीमागं वाऱ्यानं हलत होती.

मी ती माळ ओढून काढली आणि अण्णाच्या गळ्यात घातली. "घे! तूच देव हायस!"

अण्णानं ती तशीच गळ्यात ठेवली. तो ट्रकवाला जाताना त्याच्या पाया पडून गेला!

*

नुसतं तोंडानं सांगून भागत नाही म्हणून मी बोर्ड लावला. 'पिंजऱ्याशिवाय हवा भरली जाणार नाही. लांब उभे राहा.' मराठीत, मोठ्या लाल अक्षरात.

चार दिवसांनी काही माणसं आली. म्हणाली, बोर्ड कन्नडमध्ये पाहिजे, आणि वर पाहिजे. बरोबर आहे, म्हटलं, वाचणाऱ्याला कळल्याशी मतलब. पेंटर बोलावला. वर कन्नड, खाली मराठी. पेंटर शिडीवरच होता तेवढ्यात दुसरी माणसं आली. मराठी खाली का? अक्षर बारीक का? मी म्हटलं, बाबांनो, बारीक नाही, तेवढंच आहे, मोजून बघा. पहिली माणसं समोरच्या हॉटेलात चहा घेत होती, तीही रस्ता ओलांडून आली. झालं! बोर्डाखाली पंधरा-वीस माणसं. पेंटर शिडीवर अडकला, खाली उतरायला जागा नाही.

आणि या सगळ्या गर्दीच्या मधोमध आमचा अण्णा! चाक जमिनीवर, पाइप जोडलेला, टण टण टण. कुणाला काही देणंघेणं नाही.

माझा तोल गेला. मी मराठीत ओरडलो, "मागं सरका!" कन्नडमध्ये ओरडलो, "हिंदे सरीरी!" हिंदीत ओरडलो, "पीछे हटो!" घसा बसला माझा. कुणी पाऊलभर हललं नाही. उलट दोन्हीकडच्या माणसांनी माझ्याकडं संशयानं बघितलं. दोघांनाही वाटलं, मी दुसऱ्या बाजूचा!

अण्णानं तेवढ्यात रिंगेला कान लावला, समाधानानं मान हलवली आणि चाक उभं केलं. भांडण आणखी अर्धा तास चाललं. बोर्डावर लिहिलंय काय, हे त्या दिवशी एकट्या पेंटरनं वाचलं होतं.

*

ड्रायव्हर लोकांचा एक समज आहे. चाकावर वजन ठेवलं की रिंग उडत नाही. म्हणून हवा भरताना काही शहाणे चाकावर जाऊन बसतात.

असाच एक राजस्थानचा ड्रायव्हर. दणकट गडी. अण्णा हवा भरतोय आणि हा चाकावर मांडी घालून मोबाइलवर बोलतोय. मी बाहेरून आलो आणि ते दृश्य बघितलं. आधी कंप्रेसर बंद केला आणि मग याची कॉलर धरून ओढला.

"अरे भाई, हमारा वज़न है ना! नहीं उड़ेगी!"

"तुझं वजन घेऊन उडेल रे! तुला गावाकडं नेऊन सोडेल!"

तो चिडला. तडक चौकीवर गेला, मारहाणीची तक्रार द्यायला. थोड्या वेळानं मोटारसायकलवरून एक हवालदार आले. वयस्क, दमलेले.

"एन्री, एनु गलाटे?" त्यांनी विचारलं. काय गोंधळ आहे म्हणून.

मी सगळं समजावून सांगितलं. रिंग काय, हवा काय, माणूस चाकावर बसला तर काय होतं. कन्नडमध्ये सांगितलं, मराठीत सांगितलं, हातवारे करून सांगितलं. त्यांनी फार समजूतदारपणे ऐकून घेतलं. मान हलवली. ड्रायव्हरलाही दोन शब्द सुनावले. मग म्हणाले, थांबा, एवढं लिहून घेतो. वही काढली, टेकायला जागा शोधली आणि निम्मी हवा भरलेल्या त्याच चाकावर जाऊन बसले!

मी त्यांनाही दंडाला धरून ओढलं. त्या दिवशी माझ्यावर तक्रारी दोन झाल्या.

*

येळ्ळूरचा एक ट्रॉलीवाला आला होता. त्याची रिंग बघून मी हातातला पाना खाली ठेवला. एका जागी तडा गेलेला, आणि तो त्यानं तारेनं बांधून आणला होता. कागदाचं पुडकं बांधतात तसा!

"ही बसवायची न्हाय," मी म्हटलं.

"का? गेल्या साली हीच चालली."

"गेल्या साली तू वाचलास."

"येळ्ळूरचा माणूस हाय मी. भ्यायचा न्हाय."

"रिंग गाव विचारत न्हाय!" मी ती उचलली आणि शेजारच्या उसात भिरकावून दिली. जोर लावून, लांब. आता विषय संपला असं मला वाटलं. तो शांतपणे उसात शिरला. तासाभरानं पानांनी हात कापून घेऊन बाहेर आला. हातात रिंग!

"घे. सापडली."

मी पुन्हा सुरू झालो. लोखंड काय, तडा काय, हवा काय. तो नुसता हसतोय. एवढ्यात अण्णा आला. त्यानं रिंग हातात घेतली, बोटाची टिचकी मारली, उजव्या कानाशी धरली.

"मेलीय ही," तो म्हणाला.

एवढंच. येळ्ळूरच्या माणसानं निमूटपणे रिंग आमच्या ढिगावर टाकली आणि म्हणाला, "तसं असंल तर दुसरी बघा अण्णा."

माझा एक तास, उसातला त्याचा एक तास, आणि अण्णाचे दोन शब्द! मी त्या दिवशी दुपारी जेवलो नाही. एवढं कळतं याला, मग स्वतःचं डोकं तिथं का नेऊन ठेवतो?

*

त्यानंतर पिंजऱ्यात कोंबड्या आल्या. कुत्री फार त्रास देतात म्हणून वहिनींनी एका संध्याकाळी सात कोंबड्या आत घातल्या आणि दाराला दोरी बांधली. मी बघत राहिलो. अण्णा म्हणाला, "आता कसा कामाला आला!" मला बोलायचाच कंटाळा आला. आमच्या दुकानात सुरक्षित काय होतं, तर सात कोंबड्या.

अशात एक दिवस तो ट्रक आला. आम्ही असला कधी बघितला नव्हता. मातकट रंगाचा जुना लष्करी ट्रक, त्याच्या पाठीवर बांधलेलं घर. खिडक्यांना पडदे, मागं वाळत घातलेले टॉवेल. चालवत होती एक गोरी बाई, साठीच्या पुढची. शेजारी तिचा नवरा, उंच आणि गप्प. कुठल्या तरी थंड देशातून रस्त्यानं निघाली होती दोघं, देशामागून देश ओलांडत गोव्याला चालली होती. मागचं चाक पंक्चर झालं होतं. चाक बघितलं, जुन्या पद्धतीचं, रिंगवालं.

अण्णानं टायर खोलला, ट्यूब जोडली, पुन्हा चढवला. बाई बाजूला उभी राहून एकेक गोष्ट निरखत होती. अण्णाच्या हाताची सफाई तिला कळत होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. रिंग बसवून अण्णानं चाक जमिनीवर आडवं टाकलं आणि पाइप उचलला.

बाईनं पाइप त्याच्या हातातून काढून घेतला.

"नो केज, नो एअर," ती म्हणाली.

शपथ सांगतो, कॅम्पातले सुभेदारसाहेब समोर उभे राहिल्यासारखं वाटलं मला!

"काय म्हणतीया?" अण्णा.

"पिंजरा न्हाय तर हवा न्हाय."

"तिला सांग, मी तीस वर्सं हे काम करतोय."

मी माझ्या कॅम्पातल्या इंग्रजीत सांगितलं. बाईनं पाइपाचं वेटोळं केलं, आमच्या बाकावर बसली आणि ते मांडीवर घेतलं. जाणार नाही आणि देणारही नाही. मग तिची नजर पिंजऱ्याकडं गेली.

"व्हाय चिकन?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, "चिकन सेफ, मॅडम."

शेवटी वहिनींना बोलावलं. त्यांनी कोंबड्या बाहेर काढल्या, त्यांतल्या दोन त्या बाईच्याच हातात दिल्या. बाईनं त्या बगलेत नीट धरल्या, पाइप मात्र मांडीवरच. चाक पिंजऱ्यात गेलं तेव्हा कुठं तिनं पाइप सोडला. हवा भरली, रिंग बसली, काही झालं नाही.

"बघ," अण्णा मला म्हणाला, "काय झालं? काय बी न्हाय! उगंच तासभर गेला."

मी हातातली टॉमी खाली ठेवली आणि आत पाणी प्यायला गेलो. नाहीतर त्या दिवशी काय झालं असतं सांगता येत नाही.

आत वहिनींनी त्या दोघांना चहा दिला होता. नवरा कप डाव्या हातानं धरत होता. बाई वहिनींशी तिच्या भाषेत काहीतरी बोलत होती, वहिनी मराठीत उत्तर देत होत्या. मग बाईनं नवऱ्याचा उजवा हात उचलून वहिनींच्या समोर धरला. अंगठा होता आणि करंगळी होती. मधली तीन बोटं नव्हती. तिनं बाहेर, अण्णा ट्रकला लावत होता त्या चाकाकडं बोट दाखवलं. वहिनींनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

ट्रक गेला. संध्याकाळी कोंबड्या परत पिंजऱ्यात.

*

आता हा शेवटचा. उसाचा हंगाम सुरू झाला होता. सकाळी दहाची वेळ, एक जुना ट्रक आला, मागच्या आतल्या चाकाचं काम. अण्णानं नेहमीसारखं सगळं केलं. चाक जमिनीवर, थोडी हवा, टण टण टण. मी पलीकडं दुसऱ्या गाडीचे नट आवळत होतो. नेहमीसारखा एकदा ओरडलो, नेहमीसारखं त्यानं ऐकलं नाही. हातोडा थांबला. म्हणजे आता कान लावणार.

आतून वहिनी आल्या. हात पिठानं भरलेले, कोपरापर्यंत पांढरे. सरळ चालत आल्या, कंप्रेसरचा खटका दाबून बंद केला, व्हॉल्व्हचा पाइप काढला, त्याचं वेटोळं केलं आणि बाकावर मांडीवर घेऊन बसल्या.

अण्णा वाकलेला सरळ झाला. "अगं, काय करालीस? गिऱ्हाईक थांबलंय!"

वहिनींनी वेटोळं आणखी घट्ट धरलं.

"दे हिकडं!"

वहिनींनी पिंजऱ्याकडं बोट केलं. ट्रकचा ड्रायव्हर आळीपाळीनं तिघांकडं बघत होता. अण्णा चिडला, तंबाखू थुंकला, हातोडा आपटला. दहा मिनिटं गेली असतील. वहिनी हलल्या नाहीत. पाइपावर पिठाचे ठसे उमटले होते.

"घाला रं ते चाक पिंजऱ्यात!" अण्णा शेवटी ओरडला. "सगळ्यांची डोस्की फिरल्यात!"

मी कोंबड्या हाकलल्या. आम्ही दोघांनी चाक उचलून आत ठेवलं, दार लावलं, पाइप जोडला. मी सगळ्यांना मागं घेतलं आणि खटका चालू केला. अण्णा लांब उभा, हात कमरेवर, तोंड वाकडं.

हवेचा काटा साठावर असेल. सत्तर.

आवाज कसा झाला ते मला सांगता येणार नाही. दुकानातली प्रत्येक वस्तू जागची हलली. धूळ बसली तेव्हा दिसलं, पिंजऱ्याचा वरचा पाइप धनुष्यासारखा बाहेर वाकला होता आणि रिंग त्यात आडवी अडकून बसली होती. अण्णाचा उजवा कान जिथं आला असता, बरोबर तिथं. कोंबड्या छपरावर. ड्रायव्हर रस्त्यापलीकडं.

अण्णा पिंजऱ्याजवळ गेला आणि वाकलेल्या पाइपावरनं हात फिरवत उभा राहिला.

वहिनी उठल्या. मला वाटलं रडतील, किंवा शिव्या देतील. त्या अण्णाच्या मागून गेल्या, डाव्या बाजूला आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचा हातोडा थांबला की माझी भाकरी हातातच ऱ्हात्या. परत वाजला की मगच तव्यावर टाकतो मी. किती वर्सं झाली."

एवढं बोलून त्या कोंबड्या उतरवायला गेल्या.

अण्णानं ओठ हललेले तेवढे बघितले होते. तो माझ्याकडं वळला. "काय म्हणाली रं ती?"

"कोंबड्या आता पिंजऱ्यात घालायच्या न्हाईत म्हणाली!" मी त्याच्या उजव्या कानात जीव खाऊन ओरडलो.

"मग हळू सांग की," अण्णा म्हणाला. "बहिरा हाय काय मी?"